कमी आवाजाचा जॉब

उद्यमनगरात कुणी कुणाशी हळू बोलत नाही.
तिसऱ्या गल्लीत तर नाहीच.
एका अंगाला पॉवर प्रेस, दुसऱ्या अंगाला ग्राइंडर,
समोर डोईफोडेंचं पत्रा कापायचं मशीन;
नमस्कारसुद्धा आम्ही ओरडून घालतो.
अशा गल्लीत ड्रॉइंग आलं,
बंदुकीच्या तोंडाला लावायच्या नळीचं.
वीतभर लांब, मनगटाएवढी जाड,
काम एकच : आवाज गिळायचा.

शमशाद मुल्लाणीनं कॉम्प्युटरवर ती उभी चिरून दाखवली.
आत कप्पे, कप्प्यांपुढं कप्पे.
"गॅसला अडवायचं नाही मामा," ती म्हणाली,
"अडवला तर फुटंल. दमवायचा."
तालमीत लोळलेल्या माणसाला एवढं पुरतं.
अंगावर आलेल्या गड्याला थेट भिडत नाहीत,
फिरवतात, वाकवतात, माती चाखवतात;
बाहेर पडताना त्याच्यात
नुसता श्वास उरतो.

तपासणीला शिवगोंडा मगदूम.
तोफखान्यातला हवालदार, पेन्शनीत आलेला.
डावा कान सरहद्दीवर, उजवा निम्मा.
मायक्रोमीटर धरला की हात देवघरात असल्यासारखा.
एकदा विचारलं, कान गेला कधी?
"गेलेला कळला नाही," म्हणाला.
"सुट्टीवर आलो, बायको पाठमोरी होती.
बोलत होती म्हणं.
मी आपला भाकरी मोडत बसलो."
त्यानंतर त्या जॉबवर
पाच मायक्रॉनची सूट कुणी मागितली नाही.

सळई परदेशातली. तेवढं खरं.
फॉर्मात रकाना होता : देशी भाग किती टक्के?
शमशादनं मजुरी धरली, वेल्डिंग धरलं, वीजबिल धरलं.
मी म्हटलं, मगदूमचा कानपण धर की.
ती हसली नाही.

चाचणीला आम्हाला गेटच्या आत घेतलं नाही.
बाहेर टपरीवर चहा, चिंचेवर कावळे.
आधी दुसऱ्या कंपन्यांचे नग.
मगदूम कावळ्यांकडं बघून सांगायचा :
"हा पडला." झाड रिकामं.
"हापण." झाड रिकामं.
मग बराच वेळ काही नाही.
मी म्हटलं, आपला अजून लागला नाही वाटतं.
"लागला," तो म्हणाला. "बघ की."
चिंचेवरच्या कावळ्यांनी
नुसत्या माना वळवल्या होत्या.

पत्र सात महिन्यांनी आलं.
तांत्रिकदृष्ट्या पात्र.
परंतु असा माल यापूर्वी पुरवल्याचा
तीन वर्षांचा दाखला जोडलेला नाही.
तीन वर्षांपूर्वी हा माल इथं कुणी मागितला होता?
फोन केला. फोन उचलला.
पलीकडं पंखा फिरत होता, कागद उलटत होते,
माणूस बोलत नव्हता.
गॅस दमवायला आम्ही कप्पे केले होते मोजून.
त्यांचे किती असतील?

नमुना नष्ट करावा, असंही कळवलं होतं.
दोन साक्षीदार, तुकड्यांचा फोटो.
कटरखाली धरला तेव्हा
जन्मभराचं राहिलेलं एकदम ओरडल्यागत ओरडला,
डोईफोडेंनी मशीन बंद करून बघितलं.
मगदूमला मात्र काही नाही.
त्यानं दोन्ही फाकी उचलल्या,
उजेडात धरल्या,
प्रत्येक कप्प्यातनं करंगळी फिरवली.
"काजळी सगळीकडं सारखी बसल्या," म्हणाला,
आणि जॉब कार्डावर ओके लिहून
खाली पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

काल नवं टेंडर निघालं.
नग दुप्पट, मुदत एकवीस दिवस.
अनुभवाच्या रकान्यात काय टाकू म्हणून
शमशाद केबिनमधनं हाका मारत्या.
मगदूम पाठमोरा, बर काढतोय.
मी लेथ चालू केला,
आणि मलाही ऐकू आलं नाही.